सहीपूर्वी वाचावयाचा कागद

कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या मार्गावर शहाड लागते. तेथे बिऱ्हाड थाटू पाहणाऱ्या कुटुंबापुढे दलाल जो कागद ठेवतो, तो बहुधा भाडेपट्टा नसून ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार असतो. भेद केवळ नावाचा नव्हे. भाडेपट्ट्याने जागेत हक्क उत्पन्न होतो. या कराराने राहण्याची मुभा तेवढी मिळते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या २४ व्या कलमान्वये, मुदत सरल्यावरही जागा अडविणाऱ्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी नको, ही समजूत फार रूढ आहे. तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात सापडते; महाराष्ट्रात मात्र ती फोल होय. ५५ वे कलम मुदत पाहत नाही. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकऱ्याचेच म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य ठरते. तेव्हा टाळाटाळ करणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो.

अनामत रक्कम केव्हा व कोणत्या वजावटीनंतर परत मिळणार, सोसायटीची आकारणी कोणी भरावयाची, हे कागदावर असावे. मुदतीपूर्वी करार मोडावयाचा झाल्यास सूचनेचा अवधी दोन्ही पक्षांस सारखाच आहे ना, हेही पाहावे. पुष्कळदा तो नसतो.