सॉर्ट : सोडतीच्या चिठ्ठीतून आलेला शब्द

एक्सेलमध्ये नावं टाकून आपण ‘सॉर्ट’वर क्लिक करतो, तेव्हा कुणाचं नाव कुठे येणार हे पक्कं ठरलेलं असतं. नशिबाला तिथे जागाच नाही. हे क्रियापद मात्र नशिबाच्याच पोटातून जन्मलं आहे.

लॅटिनमध्ये ‘सॉर्स’ म्हणजे सोडतीची चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीने पदरात पडलेला वाटाही. रोमजवळच्या प्राइनेस्ते गावी, म्हणजे आजच्या पालेस्त्रीनात, फॉर्च्यूना देवीचं देऊळ होतं. तिथे जुनी अक्षरं कोरलेले ओकच्या लाकडाचे तुकडे ठेवलेले असत. कौल मागायला कुणी आलं की एक लहान मूल ते तुकडे मिसळून त्यातला एक उचली. हे वर्णन रोमन लेखक सिसेरोने करून ठेवलंय; त्याचा स्वतःचा या कौलावर काडीचाही विश्वास नव्हता. जादूटोणा करणाऱ्यासाठीचा ‘सॉर्सरर’ हा शब्दही याच घराण्यातला.

वाट्यावरून दर्जा, दर्जावरून प्रकार असा अर्थ सरकत गेला आणि फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात ‘सॉर्ट’ इंग्रजीत आला. जातवार वेगळं करणं एवढाच तेव्हा त्याचा अर्थ. कांद्याची प्रतवारी करताना चांगला माल एकीकडे आणि गोल्टी, दुभाळका दुसरीकडे टाकतात, तो खरा सॉर्ट. चढता-उतरता क्रम हा अर्थ रूढ केला संगणकवाल्यांनी. क्रम लावण्याच्या रीतींपैकी मर्ज सॉर्ट गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये लिहिला, संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांचा क्विकसॉर्ट १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९७३ मध्ये या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या डोनाल्ड क्नूथ यांनीच नोंदवलं, की या कामाला कदाचित ‘ऑर्डरिंग’ म्हणायला हवं. मला त्यांचं म्हणणं पटतं.

जुना अर्थ आपल्याकडे टपाल खात्याने जपला. रेल्वे मेलच्या धावत्या डब्यात खणांसमोर उभं राहून गावागावांची पत्रं वेगळी करायचा तो सॉर्टर. हेच काम सोपं व्हावं म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतचे कवी. पिनच्या पहिल्या तीन अंकांवरून सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो, उरलेल्या तिनांवरून टपाल कार्यालय. पुण्याचे पिन ४११ ने सुरू होतात, गोव्याचे ४०३ ने. यातला आकडा कोणता मोठा, याच्याशी सॉर्टरला काही देणंघेणं नसतं. पत्र कोणत्या खणातलं, एवढंच त्याला पाहायचं असतं.