औद्योगिक वायूतील अत्यल्प गंधकाचे निष्कासन

शाहूवाडी तालुक्यातील ऊस व भातपिकास दिला जाणारा युरिया अमोनियापासून तयार होतो. महाराष्ट्रात अलिबागनजीक थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात अमोनियासाठी नैसर्गिक वायू वापरला जातो. या वायूची वाफेशी अभिक्रिया घडवून हायड्रोजन मिळवितात. त्यासाठी निकेलयुक्त उत्प्रेरक लागतो. गंधक निकेलच्या पृष्ठभागास चिकटून त्याची क्रियाशीलता नष्ट करतो. म्हणून वायूत गंधक साधारणतः एक कोटी भागांत एका भागाहून कमी असावा लागतो.

अमाइनच्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड मोठ्या प्रमाणावर शोषला जातो व द्रावण तापवून पुन्हा वापरता येते. मात्र ही अभिक्रिया प्रतिवर्ती असल्याने अखेरचा अंश वायूत उरतो. तो काढण्यासाठी झिंक ऑक्साइडचा थर उपयुक्त ठरतो. सुमारे ३५० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानास त्यापासून झिंक सल्फाइड व पाणी तयार होते. मर्कॅप्टन, थायोफिन यांसारखी सेंद्रिय संयुगे या थरात सहजी अडकत नाहीत. म्हणून कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावर हायड्रोजनच्या साहाय्याने प्रथम त्यांचे हायड्रोजन सल्फाइडमध्ये रूपांतर करतात.

१०० किलोग्रॅम झिंक ऑक्साइड सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ३९ किलोग्रॅम गंधक धरते. प्रत्यक्षात त्याहून कमी. संपृक्त थर बदलावाच लागतो. यास्तव दोन पात्रे एकापुढे एक जोडतात : पहिले संपृक्त झाले तरी दुसरे निकेलचे रक्षण करते. सारांश, पद्धतीची निवड करताना वायूत गंधक किती आहे याबरोबरच किती उरलेला चालेल, हे पाहणे अगत्याचे आहे.