नकाशा आला हाती : ऊस, पांदण आणि शिवार



नकाशा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलाठ्याच्या दप्तरातला, घड्या पडून चिरलेला कागद येतो. तो पाहावयाचा तर तलाठी जागेवर हवा, दप्तर उघडे हवे आणि आपल्याला सवड हवी. या तिन्ही गोष्टी एका दिवशी जुळणे कठीण. आज मात्र घरोघरच्या मोबाईलमध्ये नकाशा आहे आणि तो बोलका आहे. बोटाने ओढला तर सरकतो, दोन बोटांनी ताणला तर वावर जवळ येते, ‘इथून तिथवर किती?’ असे विचारले तर अंतर सांगतो. लग्नाला जाताना रस्ता पाहण्यापलीकडे आपण त्याचा उपयोग फारसा करीत नाही. ऊस उत्पादकाला तो कोठे कामी येतो आणि कोठे त्याच्यावर भिस्त ठेवू नये, याची माहिती या लेखात देण्याचे आम्ही योजले आहे.

मोजणीचे काम आपल्या विदर्भाला नवे नाही. विल्यम लँबटन यांनी १८०२ साली मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्धा टन वजनाचे यंत्र माणसांच्या खांद्यावरून नेत ते वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिले आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर तेथेच आहे. ज्या कामासाठी असे जन्म खर्ची पडले, त्याचे फळ आज आपल्या खिशात आहे.

नकाशे तीन प्रकारचे

पहिला प्रकार उपग्रहाच्या छायाचित्रांचा. गूगल मॅप्स व गूगल अर्थ हे दोन्ही २००५ साली आले. आपल्या इस्रोने २००९ साली ‘भुवन’ सुरू केले. यात वावर, धुरा, विहीर, झाड जसे वरून दिसते तसे दिसते.

दुसरा प्रकार महसुली नकाशाचा. शासनाच्या ‘महाभू-नकाशा’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की त्या गटाची आकृती व लगतचे गट दिसतात.

तिसरा प्रकार लोकांनी भरलेल्या नकाशाचा. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. त्यात कोणालाही रस्ता, नाला, शाळा यांची भर घालता येते. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहचित्रांवरून तेथील राजधानीचे रस्ते या नकाशात आखले आणि मदत पथकांना त्याचा उपयोग झाला.

आधी लोणार मोजा

हात बसण्यासाठी एक सोपा पाठ देतो. गूगल अर्थ उघडून ‘लोणार’ शोधा. ज्या साली लँबटन वारले त्याच १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली, असा योगायोग आहे. आता मोजपट्टीचे चिन्ह दाबून विवराच्या एका काठावरून समोरच्या काठापर्यंत रेघ ओढा. सुमारे १.८ किलोमीटर भरेल. संगणकावर जुनी चित्रे पाहण्याचीही सोय आहे. त्याच रीतीने पेनटाकळी किंवा खडकपूर्णा धरणाचे पाणी कोणत्या वर्षी कोठवर पसरले होते, हे पडताळून पाहता येते. लोणार जमले की आपले वावर जमलेच म्हणून समजा.

उसाचे क्षेत्र

वावराच्या चारही धुऱ्यांवर एकेक बिंदू देत गेले की क्षेत्रफळ निघते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, आणि आपण बोलतो एकरात. तेव्हा हिशेब ध्यानात ठेवावा : १०० आर म्हणजे १ हेक्टर, आणि १ एकर म्हणजे सुमारे ४०.५ आर.

याचा कारखान्याशी संबंध काय? समजा, १०० सभासदांनी नोंद देताना अंदाजाने प्रत्येकी १० आर जास्त सांगितले. झाले १,००० आर, म्हणजे १० हेक्टर, म्हणजे जवळजवळ २५ एकर. एकरी ३० टन धरले तरी सुमारे ७५० टन ऊस नुसत्या कागदावर उभा राहतो. त्याच्या भरवशावर तोडणीच्या टोळ्या वाटल्या जातात, वाहने लागतात, पाळ्या ठरतात. मग एका गटात टोळी हात बांधून बसते आणि दुसऱ्या गटातल्या कास्तकाराचा ऊस तुरे येऊन वाळत राहतो. वजन घटते ते त्याचे, उतारा घटतो तो सर्वांचा. म्हणून पड, नाला, विहिरीची जागा वगळून नेमका उभा ऊस किती, हे नोंदीपूर्वी घरीच मोजून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

येथे एक सावधगिरी हवी. चित्रावर बिंदू देण्याऐवजी मोबाईल घेऊन धुऱ्याने फिरून मोजले, तर उघड्या आभाळाखालीही मोबाईलची जागा चार-पाच मीटरने इकडेतिकडे होऊ शकते. चौरस एकराची बाजू सुमारे ६४ मीटर असते. चारही बाजूंना ३-३ मीटर बाहेर धरले गेले तर सुमारे ८ आर जास्त भरतात, म्हणजे शेकडा २० चूक! तीच चूक दहा एकरांच्या चौरस तुकड्यात शेकडा ६ वर येते. लहान तुकड्याला चित्रावर बिंदू देऊन मोजावे आणि टेपने ताडून पाहावे, हे बरे.

पांदण

ऊस पिकवून भागत नाही, तो वावराबाहेर निघाला पाहिजे. पांदण दोन्ही बाजूंनी खात खात बैलगाडीपुरतीही उरली नाही, असे चित्र गावोगाव आहे. ट्रॅक्टर आत जात नाही, शेजारी पीक उभे असताना वाट देत नाही, आणि टोळी पुढच्या गावी निघून जाते.

अशा वेळी गावनकाशा वाचता आला पाहिजे. त्यात गाडीरस्ता तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरलेली आहे. महाभू-नकाशावर आपली पांदण शोधावी, उपग्रहचित्रावर आज ती किती उरली ते पाहावे, जुन्या सालच्या चित्रात किती होती तेही पाहावे. दोन्ही चित्रे छापून, तारीख टाकून अर्जाला जोडावीत.

अर्ज तहसीलदारांकडे करावयाचा असतो. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ लागते. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते, हे विसरू नये. रस्ताच नसेल आणि धुऱ्यावरून नवा हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ आहे. हंगाम तोंडावर आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा उन्हाळ्यातच हे काम उरकावे. आणि अर्जाआधी ती चित्रे शेजाऱ्यापुढे ठेवून ‘पाय बापू, रस्ता कुठं होता अन् आता कुठं हाय’ असे चार माणसांत बोलून पाहावे. पुष्कळ वेळा तेवढ्याने भागते.

ठिपक्यांचा नकाशा

१८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी माणसे कोणत्या घरात दगावली त्याच्या खुणा नकाशावर केल्या. खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती दाटल्या होत्या. पंपाचा दांडा काढण्यात आला. नुसती यादी वाचून जे दिसले नसते ते नकाशाने दाखवले.

हीच युक्ती हुमणीला लावता येते. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला जमतात. गूगलवर स्वतःचा नकाशा तयार करून तो अनेकांत वाटून घेण्याची सोय आहे. गावातल्या हुमणीग्रस्त फडांवर तांबड्या खुणा आणि अशा झाडांवर हिरव्या खुणा केल्या, तर कोणत्या झाडांखाली आधी दिवे लावून भुंगेरे गोळा करायचे ते दिसून येईल. एकट्याने औषध टाकून हुमणी हटत नाही, सगळ्या शिवाराने एकदम हात घालावा लागतो. खारपाणपट्ट्यातील गावांनी कोणत्या विहिरीचे पाणी गोडे व कोणत्या विहिरीचे मचूळ, याचाही असाच नकाशा करावा.

पिकाचा रंग सांगणारा नकाशा

युरोपचे ‘सेंटिनेल-२’ उपग्रह दर चार-पाच दिवसांनी आपल्यावरून चित्रे घेतात आणि ती फुकट पाहता येतात. चित्राचा एक चौकोन १० मीटरचा, म्हणजे एकरात असे सुमारे ४० चौकोन बसतात. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या फरकावरून पिकाचा जोम रंगात दाखवतात. ऊस डोक्याच्या वर गेला की फडाच्या मधोमध काय चालले ते धुऱ्यावरून कळत नाही. अशा वेळी फिका डाग दिसला तर तेथे जाऊन ठिबकची नळी बुजली की पाणी साचले, हे पाहावे. कारण नकाशा सांगत नाही, ते पायांनीच शोधावे लागते. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रे मिळत नाहीत, हेही खरे.

जिवाचा प्रश्न

वावरातल्या वस्तीला पत्ता नसतो. साप चावला, विजेचा धक्का बसला, तर १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला ‘बाभळीजवळून डावीकडं’ असे सांगून कसे भागेल? नकाशावर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे येतात. आपल्या जिल्ह्यात पहिला २० च्या व दुसरा ७६ च्या आसपास असतो. वस्तीचे आकडे आजच भिंतीवर लिहून ठेवा. चालकाला व्हॉट्सॲपवर ठिकाण पाठवण्याची रीत घरातल्या बायाबापड्यांना व मुलांना शिकवून ठेवा.

मर्यादा

शेवटी कळकळीने सांगावयाचे ते हे. मोबाईलवरच्या चित्रावरून धुऱ्याचा हक्क ठरत नाही. चित्र जुने असू शकते, आणि गटाची रेघ चित्रावर ठेवली तर ती काही मीटर सरकलेली असू शकते. ‘मोबाईलमध्ये माझी हद्द तुझ्या वावरात येते’ म्हणून कुऱ्हाडी काढणे म्हणजे दोन्ही घरांचा सत्यानाश. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा आणि त्यांनी दाखवलेल्या खुणा मानाव्यात. नकाशाचे काम शंका दाखवून देण्याचे आहे, निकाल देण्याचे नाही.

तेव्हा गळीत हंगामापूर्वी प्रत्येक गावातील सभासदांनी शाळा-कॉलेजातली चार मुले-मुली सोबत घेऊन गावाचा एक नकाशा करावा : ऊस कोठे, पांदण कोठे अडते, ट्रॉली कोठे वळते, ओढ्यावरची फरशी कोठे खचली. तो शेतकी खात्याच्या गट कार्यालयात आणून दाखवावा. मुलांना बोटे चालवता येतात आणि म्हाताऱ्यांना शिवार पाठ आहे. दोघे एका ठिकाणी बसले तर आपल्या गावाचा नकाशा बाहेरच्या कोणी करून देण्याची वाट पाहावी लागणार नाही.