बंदराजवळच्या जासईतला एक दिवस

सकाळी ६. नागपूरजवळच्या बुटीबोरीहून आलेला ट्रेलर समृद्धी महामार्ग संपवून आमणेला उतरलाय. ड्रायव्हरचा फोन : "शेठ, डोळे मिटतायत." "चहा घे, तासभर झोप, मग निघ," म्हणालो. त्याच्या मागे सुताचा एक डबा, म्हणजे कंटेनर. एवढ्यासाठी एक माणूस रात्रभर जागला.

९. डबा बंदरात न्यायचा फॉर्म १३ निघाला, जहाजाची कटऑफ वेळ गाठता येईल.

११. सूतगिरणीचे मॅनेजर विचारतात, "हेच रेल्वेनं का पाठवत नाही?" दर महिन्याला हा प्रश्न येतो आणि मला तो फार लागतो, कारण माझंही मन तिथंच आहे. माझ्या आबांनी कर्ज काढून एक ट्रक घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते ट्रान्सपोर्टर झाले. रेल्वेचं दार तसं उघडत नाही. २००६ साली खासगी कंपन्यांना कंटेनर गाड्या चालवायची मुभा मिळाली, पण देशभराच्या परवान्याचं शुल्क ५० कोटी आणि ठरावीक मार्गांचं १० कोटी ठेवलं. ते भरलं तरी ४५ वॅगनांचा रेक लागतो, म्हणजे वीस फुटी ९० डबे. उतरवायला टर्मिनल, तिथं डबे उचलणारा रीच स्टॅकर. परतीला माल मिळाला नाही तरी रिकाम्या वॅगना ओढल्याचे पैसे रेल्वेला द्यायचेच. तो दर रेल्वे ठरवते, आणि या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीत, १९८८ सालच्या कॉन्कॉरमध्ये, निम्म्याहून जास्त मालकी त्याच रेल्वे मंत्रालयाची आहे.

दुपारी ३. तरी कंटेनर गाड्या चालवणाऱ्या एका कंपनीला दर विचारला.
"आठवड्याला किती डबे?"
"बारा."
"साठ झाले की बोला."
दोन वर्षांपूर्वी अशाच एका चौकशीत मी गिऱ्हाइकाचं नाव सांगून बसलो. पुढच्या महिन्यात ते गिऱ्हाईक थेट त्या गाडीवाल्यांकडे गेलं, दारापर्यंतचे ट्रेलरही त्यांचेच. आता नाव सांगत नाही.

रेल्वेत प्रवाशाला एक सीट मिळते. मग मला एका वॅगनची जागा ठरल्या भावात, कुणाच्याही मेहरबानीशिवाय का मिळू नये? माझ्यासारख्या दहाजणांचे बारा-बारा डबे एकत्र केले तर रेक भरून वर उरतील.

संध्याकाळी ७. जासईच्या रुळांवरून बंदराची गाडी बाहेर पडते. मी दारात उभा राहून मोजतो. आज सहा वॅगना रिकाम्या गेल्या.

८. सकाळचाच ड्रायव्हर, मागे नवा डबा. "निघतो शेठ, नागपूर."