विजेची करवत आणि दहा बोटे

रंधा, पटाशी आणि करवत ही एके काळी सुताराच्या घरची हत्यारे होती. पांढरपेशा गृहस्थाची मजल भिंतीत खिळा ठोकण्यापर्यंत, आणि तोही बहुधा वाकडाच! आता तसे राहिलेले नाही. निवृत्तीनंतर हाताला उद्योग हवा म्हणून, सुताराची मजुरी परवडत नाही म्हणून, किंवा नुसत्या हौसेने, पुष्कळ घरांच्या मागच्या गॅलरीत लहानसा कारखाना थाटलेला दिसतो. आधी ड्रिल येते, त्यामागून पॉलिशचे यंत्र येते आणि एखाद्या दिवाळीत विजेची करवतही घरी येते.

मला या छंदात पडून बारा वर्षे झाली. घरातला देव्हारा, पुस्तकांची मांडणी, नातवाचे टेबल ही सारी याच हातची कामे. आमच्या सूनबाईही करवत चालवतात, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा सरळ कापतात. तेव्हा हे यंत्र घरात आणूच नका, असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र ते आणण्यापूर्वी त्याचा स्वभाव समजून घ्या, एवढेच माझे सांगणे.

हातात धरून चालवायच्या या करवतीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथे १९२० च्या दशकात एडमंड मिशेल नावाचे गृहस्थ होते. उसाच्या फडात कोयते चालवून थकलेले मजूर पाहून त्यांना कोयत्याला मोटार जोडण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. त्यातूनच पुढे ही करवत घडली. म्हणजे आपण हातात धरतो तो शेवटी कोयताच. फरक इतकाच की तो थकत नाही, आणि समोर ऊस आहे की बोट हे तो पाहत नाही.

थोडा हिशेब करू या. सात इंची पाते मिनिटाला सुमारे ५००० फेरे घेते. त्याच्या कडेचा वेग ताशी १६५ किलोमीटरच्या पुढे जातो. पात्याला २४ दाते असले, तर सेकंदाला २००० दाते एका जागेवरून जातात. चटका बसला की हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतोच. तेवढ्यात ४०० दाते आपले काम करून मोकळे झालेले असतात! अमेरिकेतच स्टीव्ह गॅस यांनी १९९९ साली टेबलावरच्या करवतीसाठी एक युक्ती शोधली. कातडीचा स्पर्श होताच पाते सुमारे पाच सहस्रांश सेकंदात जागच्या जागी थांबते. पण आपल्या गॅलरीतल्या करवतीला अशी बुद्धी नाही. ती आपल्यालाच वापरावी लागते, आणि तीही बटण दाबण्यापूर्वी.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ उत्तम तबला वाजवीत. गणेशोत्सवात त्यांच्या साथीवाचून कार्यक्रम होत नसे. एकदा प्लायवूड कापताना खाली पडणारा तुकडा झेलावा म्हणून त्यांनी डावा हात फळीखाली घातला. पाते फळीच्या खालूनही बाहेर आलेले असते, याचा त्या क्षणी त्यांना विसर पडला. दोन बोटांची अग्रे गेली. माणूस बरा झाला, हिंडूफिरू लागला. पण त्यांचा डग्गा मुका झाला तो झालाच. घरात आज तबल्याची जोडी खोळ घालून ठेवलेली आहे.

तेव्हापासून आमच्या घरी एक शिस्त आहे. बटण दाबण्यापूर्वी मनाशी विचारायचे, “दुसरा हात कुठे आहे?” त्याचे उत्तर एकच : यंत्राच्या पुढच्या मुठीवर. मग फळी कोणी धरायची? ती क्लॅम्पने धरायची. मुलाला “जरा धर रे” म्हणून हाक मारायची नाही. आणि तुकडा वीतभरच असेल, तर साधी हातकरवत काढावी. त्यात कमीपणा नाही.

आता कापण्याची रीत. पाते फळीच्या खाली दाताभर, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर, बाहेर येईल इतकेच ठेवावे. या करवतीचे दाते खालून वर कापत येतात, म्हणून फळीची चांगली बाजू खाली ठेवावी. कड सुबक येते.

सर्वांत मोठा धोका उसळीचा. फळीची दोन टोके दोन स्टुलांवर ठेवून ती मध्ये कापू लागलो, की दोन्ही अर्धुके मध्ये झुकतात, चीर मिटते आणि पाते चिमटीत सापडते. मग यंत्र उसळून थेट आपल्या अंगावर येते. उपाय सोपा आहे. चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पट्ट्यांचा आधार द्यावा, म्हणजे कापून झाल्यावरही दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. आपण करवतीच्या रेषेत न राहता किंचित बाजूला उभे राहावे. पाते अडकले तर ओढाओढ न करता बटण सोडावे आणि ते पूर्ण थांबू द्यावे. बटण सोडले तरी पाते काही सेकंद फिरतच असते. खालचे झाकण स्प्रिंगने आपोआप मिटते की नाही, हे प्लग लावण्यापूर्वी रोज पाहावे. पाते बदलताना प्लग काढून ठेवावा.

आपल्याकडे आणखी एक घातक प्रकार रूढ आहे. फरशी कापण्याच्या चार इंची कटरला लाकडाचे पाते बसवायचे, आणि पुष्कळदा तो फळीखाली उलटा आवळून त्याचेच टेबल करायचे. स्वस्त पडते, हे खरे. पण त्याला खालून मिटणारे झाकण नसते आणि वेग मोठ्या करवतीच्या दुपटीहून अधिक असतो. कारागिराने तसे केले म्हणून आपणही करावे, असा शहाणपणा नको.

पोशाखाचेही पाहावे. सैल बाह्या, ओढणी, साडीचा पदर, अंगठी, बांगड्या यांना करवतीजवळ मज्जाव असावा. हातमोजेही नकोत; पात्याने मोजा पकडला की बोट त्याच्यामागून जाते. डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा चष्मा हवा, कानांत बोळे हवेत. नाकातोंडावर धुळीचा मास्क तर हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगाच्या कारणांत केली आहे. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा संरक्षक स्विच घरात बसवून घ्यावा.

इतके करूनही अपघात झालाच, तर हळद किंवा कॉफीची पूड जखमेत भरू नये. स्वच्छ कापडाने दाबून धरावे, हात उंच ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. बोट तुटले असेल, तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट प्रत्यक्ष बर्फावर ठेवू नये, पेशी मरतात. हा मजकूर कापून हत्यारांच्या कपाटावर चिकटवून ठेवला तरी चालेल.

या दिवाळीत कोणी आकाशकंदिलाचा सांगाडा कापील, कोणी लेकीसाठी झोपाळ्याची पाटी करील. जरूर करा, मुलांनाही शिकवा. हाताने केलेल्या वस्तूचा आनंद बाजारात विकत मिळत नाही. मात्र काम संपले, प्लग काढला, भुसा झाडला, की दोन्ही हात दिव्याखाली धरून बोटे मोजा. ती दहा भरली, की मगच म्हणा, आजचे काम चांगले झाले!