पंचाचे डोळे कुठे होते?

सामना संपायला काही सेकंद उरलेले. दोन्ही संघ बरोबरीत. बास्केटखाली आपला मुलगा धक्का लागून पडतो आणि शिट्टी वाजतच नाही! मैदान चंडीगडच्या सेक्टर २२ मधल्या शाळेचे असो की पुण्या-नाशिकच्या, कडेला उभ्या आईवडिलांच्या तोंडून एकच वाक्य निघते, ‘पंचाचे डोळे कुठे होते?’

प्रश्न रागाचा असला, तरी त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. ल कॉर्बुझिए यांनी चंडीगड सेक्टरांमध्ये विभागले. शाळा, बाजार, बाग ज्याची त्याच्याजवळ. बास्केटबॉलचे मैदानही पंचांमध्ये असेच वाटलेले असते. कोणी कुठे उभे राहायचे, कोणी काय पाहायचे, हे ठरलेले असते.

दोघांची वाटणी

ही पद्धत खेळाइतकीच जुनी आहे. १८९१ मध्ये अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी खेळाचे १३ नियम लिहिले, तेव्हाच एका पंचाने खेळाडूंवर आणि दुसऱ्याने चेंडूवर लक्ष ठेवावे, असे सांगितले होते.

शालेय सामन्यांत बहुधा दोनच पंच असतात. एक बास्केटमागच्या रेषेवर उभा राहतो, त्याला ‘लीड’ म्हणतात. दुसरा खेळाच्या मागे राहतो, तो ‘ट्रेल’. चेंडू दुसऱ्या टोकाला गेला की ट्रेल धावत जाऊन लीड होतो. लीडने बास्केटखालची रेटारेटी पाहायची, ट्रेलने बाहेरचा खेळ. दोघांनीही चेंडूकडेच पाहिले, तर चेंडूपासून दूर मारलेला धक्का कोणालाच दिसत नाही.

तरीही २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदान, दहा खेळाडू आणि चारच डोळे! चेंडू एका बाजूला असला की पलीकडचा कोपरा सुटतोच. शिवाय खेळाडूच्या पाठीमागून पाहिले, तर हात चेंडूला लागला की मनगटाला, हे कळत नाही.

तिसरी नजर

हीच अडचण ओळखून अमेरिकेच्या व्यावसायिक एनबीए स्पर्धेने १९७८-७९ च्या मोसमात तिसरा पंच आणून पाहिला. पुढच्याच मोसमात पुन्हा दोन पंच झाले. अखेर १९८८-८९ पासून तिसरा पंच कायमचा आला. या ‘सेंटर’ पंचाचे काम म्हणजे चेंडूच्या विरुद्ध बाजूवर लक्ष ठेवणे, म्हणजे शाळेच्या सामन्यात सुटणारा नेमका तोच कोपरा. चेंडूने बाजू बदलली की लीडही बाजू बदलतो आणि उरलेले दोघे आपापली भूमिका बदलतात. एवढे करूनही चूक होते. म्हणूनच २०१४ पासून न्यू जर्सीतील केंद्रात बसलेली माणसे पडद्यावर वादाचे प्रसंग पुन्हा तपासतात.

खुणा मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच. मूठ वर गेली की फाऊल, उघडा तळहात वर गेला की चेंडू घेऊन पळण्यासारखा नियमभंग.

चूक म्हणजे लबाडी नव्हे

एनबीएमध्ये सहाव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो, आपल्याकडे पाचव्या. म्हणजे शाळेत नजरा कमी आणि चुकीची किंमत जास्त! मुलाचे डोळे भरून येणे स्वाभाविकच आहे. पण त्याच वेळी आईवडिलांनी पंचाला दूषणे दिली, तर मूल काय शिकेल? हरलो की दोष दुसऱ्याचा, एवढेच.

त्यापेक्षा घरी आल्यावर त्याला विचारा, ‘तेव्हा पंच कुठे उभे होते? तिथून त्यांना दिसले असते का?’ सरावाच्या खेळात एक दिवस शिट्टी त्याच्याच हाती द्या. दहा मिनिटांत त्याला कळेल, की सगळे पाहणे कोणालाच जमत नाही.

आणि पुढच्या सामन्याला तुम्हीही थोडा वेळ चेंडू सोडून फक्त पंचाकडे पाहा. त्याचे डोळे कुठे होते, ते तुम्हालाच दिसेल.