जिथे पाणी गोठत नाही तिथलं कूलंट

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा पिंप्राळ्यात एखाद्या जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं जावं यात नवल काही नाही. कूलंट म्हणजे पाणी गोठू नये म्हणून काश्मीर-लडाखकडे घालायचं रसायन, खानदेशात त्याचं काय काम, असा त्यामागचा हिशेब असतो. तो अर्धाच खरा आहे. इंजिनातलं पाणी इथे गोठणार नाही हे कबूल. पण उकळणं, क्षार आणि गंज ही इंजिनाची उरलेली तीन दुखणी उन्हाच्या मुलखात सौम्य होत नाहीत. यातली पहिली दोन तर इथे जास्तच जोर धरतात. हौसेने सांभाळलेल्या जुन्या स्पोर्ट्‌स कारला तर ती हमखास गाठतात. गोव्यात तयार झालेली, रेनॉच्या १.२ लीटर इंजिनाची सॅन स्टॉर्म किंवा अलिबागजवळ बनलेली, इसुझूच्या १.८ लीटर इंजिनाची चिंकारा रोडस्टर अशा मोजक्या देशी स्पोर्ट्‌स कार थोड्याच संख्येने बनल्या आणि त्यांचं उत्पादनही थांबलं. अशा गाडीचं हेड एकदा तापून बाकलं, की दुसरं शोधताना मालकाची दमछाक होते. म्हणून खानदेशात कूलंटची गरज हिमाचलापेक्षा कमी नाही, काही बाबतींत जास्तच आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी ओढायच्या कामी येते, जवळपास तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेली मुख्यतः कूलंटला वाहून न्यावी लागते. रेडिएटर ती हवेला किती वेगाने देईल, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर हा फरक ७५ अंशांचा. हवा ४५ वर गेली की तो ५० वर येतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण क्षमता दोन तृतीयांशच उरते. त्यात फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढायला लागलं की वेग कमी, इंजिनावर ताण जास्त आणि जाळीतून येणारी हवा तुटपुंजी. अशा वेळी द्रव कोणत्या तापमानाला उकळतो, यावर सगळं येऊन ठेपतं. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं आणि पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचं समसमान मिश्रण १०७ अंशांच्या आसपास. रेडिएटरचं झाकण स्वयंपाकघरातल्या कुकरसारखा दाब धरून ठेवतं. वातावरणाच्या दाबावर आणखी तेवढाच दाब चढला की पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांवर आणि मिश्रणाचा १२८ च्या घरात जातो. जुन्या गाडीत या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं, दाब टिकत नाही, आणि तेव्हा हे सात-आठ अंशच काय ते वाचवतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचा धातू तर काट्यावर दिसतं त्यापेक्षा कितीतरी गरम असतो. तिथे वाफेची गादी तयार झाली की द्रव धातूला धड टेकत नाही आणि उष्णता तिथेच कोंडते.

क्षारांबद्दल खानदेशच्या केळी बागायतदाराला काही शिकवायला नको. ठिबकच्या नळ्या बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटने चोंदतात, म्हणून तो त्यांना आम्लप्रक्रिया देतो. इंजिनात हाच प्रकार अधिक वेगाने घडतो, कारण पाणी तापलं की विरघळलेलं बायकार्बोनेट मोडून कार्बोनेटचा थर बसतो, आणि तो नेमका सगळ्यात गरम जागी बसतो. बीड या थराच्या साधारण २० ते २५ पट सहज उष्णता वाहून नेतं. म्हणजे एक मिलिमीटरचा थर हा दोन सेंटिमीटर जादा बिडाइतका अडथळा! शिवाय बोअरच्या पाण्यातली क्लोराइडं ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतात. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि मध्ये क्षारयुक्त पाणी अशी जोडी जमली की विद्युत-रासायनिक झीज सुरू होते. ती थोपवणारी गंजरोधकं साध्या पाण्यात नसतात, कूलंटमध्ये असतात. ग्लायकॉलइतकंच महत्त्व मी त्यांना देतो.

पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, मग त्यात ग्लायकॉल कशाला, हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि तो खराही आहे. समसमान मिश्रणाची उष्णताधारणक्षमता पाण्यापेक्षा १५ ते २० टक्के कमी असते. स्पिटफायर विमानांच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनांत शुद्ध ग्लायकॉल वापरत. पुढच्या इंजिनांत ३० टक्के ग्लायकॉल आणि ७० टक्के पाण्यावर आले. यावरून ग्लायकॉल किती घालायचं हा हवामानाप्रमाणे ठरवण्याचा प्रश्न आहे एवढं दिसतं. गंजरोधकं वगळावीत असं त्यातून निघत नाही. उत्पादकाची मुभा असेल तर खानदेशात एक तृतीयांशापर्यंत उतरायला हरकत नाही. त्याखाली मात्र गंजरोधकं फार पातळ होतात. आधीच्या गाड्या पाण्यावरच चालल्या, हेही बरोबर. पण त्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते, डाक देऊन दुरुस्त होत, आणि रेडिएटर साफ करून घेणं हे नेहमीचंच काम होतं. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायचा जो उपाय सुचवला जातो, तो तर मला घातकच वाटतो. पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट फारसा अडवत नाही. काढल्यावर हिवाळ्याच्या सकाळी इंजिन वेळेत तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर झिजतो. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडीच राहते आणि रेडिएटरकडे कमी पाणी जातं.

तपासणीतली मोठी चूक म्हणजे किलोमीटर मोजणं. स्पोर्ट्‌स कार महिन्यातून दोनदा बाहेर निघते, म्हणून कूलंट ताजं आहे असं वाटतं. पण ग्लायकॉल उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू आम्लधर्मी होतं, गंजरोधकं संपतात, आणि गाडी उभी असली तरी धातू द्रवात बुडालेलाच असतो. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट दोन वर्षांत आणि सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं साधारण पाच वर्षांत बदलावं. हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकॉलचं प्रमाण सांगतो. गंजरोधक शिल्लक आहे की नाही, ते त्याला कळत नाही. त्यासाठी पीएचची पट्टी बुडवावी. आकडा सातच्या खाली गेला असेल तर प्रमाण कितीही अचूक असो, ते कूलंट संपलं. तांबूस गढूळपणा गंज दाखवतो, आणि दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट तपासून घ्यावी. हिरवा, लाल, निळा या रंगांवर विसंबू नये, रंगाचं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. दोन जातींची कूलंटं मिसळली तर कधी साका बसतो, कधी गंजरोधकं निकामी होतात. डब्यावर आयएस ५७५९ हे भारतीय मानक आणि गाडीच्या पुस्तकातली जात, दोन्ही पाहावं.

बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाब सुटतो, द्रव क्षणात उसळतो आणि हात-तोंड भाजतं. नुसता खालचा होज पाइप काढला तर ब्लॉकमधलं जुनं पाणी तसंच राहतं, म्हणून ब्लॉकला बूच असेल तर तेही उघडावं, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि स्वच्छ निघेपर्यंत धुवावं. शेवटचं धुणं आणि मिश्रण डिस्टिल्ड वॉटरनेच करावं, म्हणजे गॅरेजवाले ज्याला बॅटरीचं पाणी म्हणतात त्याने. घरच्या आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात, अडीनडीला ते चालेल. बुटक्या बॉनेटच्या गाड्यांत पाणी भरायचं तोंड कधी हेडपेक्षा खाली असतं, त्यामुळे वर हवा अडकते. गाडीचं नाक उचलून, हवा काढायचा स्क्रू उघडून सावकाश भरावं. थर्मोस्टॅट उघडून पंखा एक-दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवावं, पुन्हा गार झाल्यावर पातळी पाहावी. त्याच वेळी झाकण आणि फुगलेले होज पाइपही बदलून टाकावेत. काढलेलं कूलंट गटारीत किंवा अंगणात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं, कुत्री-गुरं ते चाटतात, आणि शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडात स्फटिक साचतात. झाकणबंद कॅनमध्ये भरून, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवून, ते जुनं ऑईल नेणाऱ्या अधिकृत संकलकाला विचारून वेगळं द्यावं. ऑईलमध्ये मिसळू नये.